नापासांची पंगत

निकाल लागला की सारं नागपूर पास झालेल्यांच्या घरी जायचं आणि प्रोफेसर खापरे सायकल काढून नापास झालेल्यांच्या. पास झालेल्याकडे पेढे असत, हारतुरे असत, मामा-मावश्यांची दाटी असे. नापासाच्या घरी दार लोटलेलं असे आणि आतली माणसं हळू आवाजात बोलत, जणू घरात कुणी आजारी आहे. अशा दारापुढे सर सायकलची घंटी वाजवीत उभे राहत. तुम्ही असं का करता, म्हणून मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "पास झालेल्याच्या घरी बसाले जागा कुठं असते गा? अन् नापासाच्या घरी पाह्य, अख्खी सतरंजी रिकामी."

आज मी हे हसत लिहितो आहे. माझ्या दारात त्यांची घंटी वाजली तेव्हा मला हसू येत नव्हतं.

मी पारशिवनीचा. आमच्या गावातून बी.एस्सी.पर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे बी.एस्सी. नापास होण्याचा मानही गावात पहिल्यांदा माझ्याकडेच आला. पहिल्या खेपेचा निकाल मी गावी असताना लागला, म्हणून सरांच्या सायकलीपासून वाचलो. दुसऱ्या खेपेला मी जिवाचं रान करून अभ्यास केला. अभ्यास म्हणजे पाठांतर. इंग्रजी पुस्तकाची पानंच्या पानं मी घोकत असे. अर्थ कळो न कळो, स्वल्पविरामासकट पाठ. मॅट्रिकला याच हुन्नरावर माझा नंबर वर आला होता, तेव्हा तो पुढेही चालेल असं मी धरून चाललो होतो. फिजिक्सच्या पेपरात पहिल्याच उत्तराचं तिसरं की चौथं वाक्य आठवेना. ते अडलं आणि त्याच्या मागचं सगळंच अडलं. दुसरा प्रश्न घेतला, तिथंही तेच. हाताला घाम सुटला, कागद ओला झाला. शेवटी घंटा झाली आणि मी जवळजवळ कोरी उत्तरपत्रिका देऊन बाहेर पडलो.

त्या दिवसापासून माझं बोलणंच आटलं. कुणी काही विचारलं की मनात वाक्य तयार होई आणि मधेच तुटे. निकाल लागला तेव्हा गावी जाण्याची हिंमत झाली नाही. महालात एका शिंप्याच्या माडीवर माझी खोली होती, तिथंच आतून कडी लावून पडून राहिलो. खाली शिंप्याचं मशीन दिवसभर खडखडत असे आणि मी ते ऐकत असे, एवढाच माझा उद्योग.

अशात एका सकाळी खालून घंटी वाजली आणि पाठोपाठ दणदणीत आवाज आला, "पारशिवनीचा पोट्टा अथीच राहते काय गा?"

मी खिडकीतून डोकावलो आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. खाली प्रोफेसर खापरे उभे होते. कॉलेजात सर म्हणजे नखशिखांत साहेब. कडक कॉलर, टाय, डोक्याला तपकिरी फेल्ट टोपी, आणि बोलणं असं सफाईदार इंग्रजी की आम्हा खेड्यातल्या मुलांना वाटे, हा माणूस घोरतसुद्धा इंग्रजीतच असेल. वर्गात त्यांच्या तोंडून मराठी शब्द ऐकलेला विद्यार्थी माझ्या माहितीत एकही नव्हता. तेच सर आज धोतर-बंडीवर, पायजमा शिवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासारखे शिंप्याच्या ओट्यावर टेकले होते आणि आमच्या पारशिवनीच्या बाजारात बोलतात तसं बोलत होते.

ते वर आले, खाटेवर बसले, टोपीनं वारा घेतला. निकालाचं नाव नाही, सांत्वनाचा शब्द नाही.

"जेवला काय?"

मी मान हलवली.

"खोटं नको बोलू. थोबाड पाहूनच समजते. रविवारी सकाळी धंतोलीत माह्या घरी यायचं. वांगे कापता येते काय तुले?"

"येतात," मी म्हणालो. कित्येक दिवसांत पुरा उच्चारलेला तो पहिला शब्द असेल.

"मंग झालं. फिजिक्स नाई आलं तरी चालते," असं म्हणून ते जिना उतरून गेले.

रविवारी मी गेलो. धंतोलीत तेव्हा आजच्यासारखी दवाखान्यांची गर्दी नव्हती. कौलारू बंगले, भोवती मोकळं अंगण, आणि अंगणात कडुनिंब. सरांच्या कडुनिंबाखाली सात-आठ मुलं खाली माना घालून बसली होती आणि प्रत्येकाच्या पुढ्यात काही ना काही काम होतं. कुणी कणीक मळत होता, कुणी गोवऱ्या रचत होता. दरवर्षी निकालानंतरच्या रविवारी सर त्या वर्षीच्या नापासांना जेवायला बोलावीत आणि स्वयंपाक नापासांनीच करायचा असे. बेत ठरलेला. रोडगे आणि वांग्याची भाजी. रोडगे म्हणजे आमच्याकडचा बाप्यांचा स्वयंपाक. जाडसर कणकेच्या पोळ्या एकीवर एक ठेवून त्यांचा गोळा वळायचा, तो गोवऱ्यांच्या विस्तवात पुरायचा, आणि भाजला की राख झटकून, फोडून तुपात बुडवायचा. शेतात, देवाच्या नवसाला, असे रोडगे होतात. नापासांसाठी ते करणारा मनुष्य मी एकच पाहिला.

गंमत अशी की सरांना स्वतःला रोडगे भाजता येत नसत. त्यांचा रोडगा हमखास वरून कोळसा आणि आतून कणीक. तरी विस्तवाची काठी ते दुसऱ्याच्या हाती देत नसत. सरांच्या पत्नी, आम्हा मुलांच्या काकू, ओसरीवर बसून हे सगळं पाहत. "वर्षभर पोट्ट्याइले उष्णता शिकवते," त्या आम्हाला म्हणाल्या, "अन् विस्तवाचा अंदाज येत नाई. मी कंटाळली बापा. म्हून तुम्हाले बोलावते हा माणूस, दुसरं काई नाई." सर सायकलीवरून नापास का गोळा करतात, याचं काकूंचं उत्तर हे होतं, आणि त्यावर त्या ठाम होत्या.

पंगतीचा एक नियम होता. मार्क किती पडले, किती कमी पडले, कोणत्या परीक्षकानं घात केला, हे बोलायचं नाही. त्याऐवजी प्रत्येकानं वर्षभरात आपल्याला खरोखर समजलेली एक गोष्ट सांगायची. कोणतीही चालेल, पण समजलेली हवी. सर मुलांना त्यांच्या गावाच्या नावानं हाक मारीत. "हं, बुटीबोरी, तू सांग."

बुटीबोरीचा तो मुलगा उंच, हसतमुख होता. तो उभा राहून म्हणाला, "सर, मले यंदा एकच गोष्ट समजली. मले फिजिक्स समजत नाई."

आम्ही घाबरलो. सर मात्र खूश झाले. "शाबास! हे समजेपर्यंत काही लोकाइले पेन्शन लागते," ते म्हणाले, आणि त्याला पहिला रोडगा त्यांनी वाढला. तो पुढे रेल्वेत लागला, बुकिंग क्लार्क झाला, आणि अत्यंत सुखी झाला. सर प्रवासाला निघाले की त्याच्या खिडकीवर जाऊनच तिकीट काढीत.

मग माझी पाळी आली. मी उभा राहिलो. डोक्यात इंग्रजी वाक्यं सुरू झाली आणि मधेच तुटली. तोंडातून आवाज निघेना. मुलं ताटलीकडे पाहू लागली. सर मात्र माझ्याकडे पाहत थांबले. असं थांबणं मी आधी पाहिलं नव्हतं. मास्तर थांबतात ते बहुधा पुढची चपराक मारायला. हे नुसतेच थांबले होते. धूर डोळ्यांत जात होता तरी त्यांनी मान फिरवली नाही. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "राहू दे. बस. जेव." आणि माझ्या ताटात आपल्या हातचा एक काळाठिक्कर रोडगा टाकून म्हणाले, "हा पाह्य. तुह्यासारखा हाय. वरून करपला, अंदर कच्चा. फेकाचं काम नाई, फोडून पुन्हा विस्तवात टाकू."

त्या आठवड्यात बाबा आले. बैलगाडीनं कन्हानपर्यंत आणि तिथून रेल्वेनं, लग्नकार्यात घालायचा काळा कोट अंगात घालून. मला घेऊन जायला आले होते. जाण्यापूर्वी प्रोफेसरसाहेबांना भेटलं पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. साहेब इंग्रजी बोलतील आणि आपल्याला उत्तर द्यावं लागेल, या धास्तीनं ते सीताबर्डीपासून धंतोलीपर्यंत चकार शब्द बोलले नाहीत. मी तर बोलतच नव्हतो. बाप-लेक असे मुक्यानं चालत सरांच्या दारी पोचलो.

सर बंडीवर ओसरीतच बसले होते. "या पाटील," ते म्हणाले. "गाडीनं आले का रेल्वेनं? बैल कोणाच्या भरवशावर ठेवले?" बाबांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. काकूंनी मठ्ठा आणून दिला. बाबांनी तो एका दमात पिऊन टाकला आणि मग जे बोलले, ते मी जन्मात विसरणार नाही.

"साहेब, पोट्टा वाया नाई गेला, तेवढं मले माईत हाय. बिडीकाडी नाई, काई नाई. पण थो आता बोलत नाई. परीक्षा झाल्यावर चार दिवस घरी आला तं भितीकडं तोंड करून बसला. त्याची माय भेली. थे मले म्हणते, शिकणं गेलं चुलीत, माहा पोट्टा मले आणून दे. म्हून मी आलो."

सरांनी मिशीवरून हात फिरवला. "पाटील," ते म्हणाले, "तुम्ही म्हणता थे बरोबर हाय. घेऊन जाच असन तं आज घेऊन जा. पण मले एक वर्ष देसान तं पाहू. पास होईन असं मी म्हणत नाई. थे माह्या हाती नाई. बोलता करून देतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "राहतं काय गा?" त्यांनी विचारलं. मी मान हलवू लागलो तर सर एकदम ओरडले, "मान नाई! तोंडानं सांग बापाले!"

"राहतो," मी म्हणालो. बाबांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले आणि निघताना म्हणाले, हे शेवटचं वर्ष. या खेपेला नापास झाला तर गावी येईल, शेत पाहील, आणि कुणी त्याला शिकण्याचं नाव काढायचं नाही. ते मला रागावून म्हणाले नाहीत, माझ्या सुटकेसाठी म्हणाले. पण मला सुटका नको होती. मला त्या पेपरासमोर एकदा बसायचं होतं आणि उठताना हातात कोरा कागद नको होता.

आमची शिकवणी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली, आणि ती शिकवणी आहे हे मला पहिले काही दिवस कळलंच नाही. ऊन मरणाचं होतं. सरांच्या ओसरीला वाळ्याच्या मुळ्यांची टट्टी, पडद्यासारखी, लावलेली होती. त्यांनी माझ्या हाती लोटा दिला आणि टट्टीवर पाणी मारायला सांगितलं. मी पाणी मारलं. आत गार झुळूक आली.

"काहून थंड झालं गा?"

मी इंग्रजीत बाष्पीभवनाची व्याख्या सुरू केली. त्यांनी हात वर केला. "थे पुस्तकवाल्याचं हाय, त्याले वापस दे. तू सांग. मी अडाणी हाओ असं समज. पाणी तं मडक्यातलंच, गरम. वारा तं गरमच, उन्हातला. मंग दोन गरम मिळून थंड कसं झालं?"

ते पेपर वाचायला लागले. मी टट्टीकडे पाहत बसलो, पुन्हा पाणी मारलं, पुन्हा पाहिलं. दुपार उलटली तेव्हा मी हळूच म्हणालो, "सर, पाणी वाळून राहिलं." "हाव." "वाळाले गरमी लागते." "हाव." "थे गरमी थे... थे हवेतली घेऊन राहिलं. म्हून हवा थंड झाली." सरांनी पेपर खाली ठेवला नाही. पेपराच्या मागून नुसतं म्हणाले, "काकूले सांग, पोट्ट्याले चहा टाक."

असं ते वर्ष गेलं. आमच्या शेतातली विहिरीवरची मोट त्यांनी माझ्याकडून वदवून घेतली. बैल उताराला का चालवतात, चढाला का नाही, मोटेच्या दोराला, नाड्याला, ओढ कुठं बसते, चाक नसतं तर काय झालं असतं. मी लहानपणापासून मोट हाकली होती आणि पुस्तकातली उतरणही पाठ केली होती, पण ही दोन्ही एकाच जगातली आहेत हे मला ठाऊक नव्हतं. सर मधेच डोळे मिटून घेत. त्यांना डुलकी लागली असं समजून मी थांबलो की मिटल्या डोळ्यांनी विचारीत, "मंग?" या एका शब्दावर त्यांनी मला वर्षभर ढकललं. पुढे पुढे मीही त्यांची परीक्षा पाहू लागलो. मुद्दाम चुकीचं काहीतरी सांगायचं आणि बघायचं. ते डोळेही न उघडता म्हणत, "गधा समजते काय मले?"

दिवाळी जवळ आली तशी मला धडकी भरली. एक दिवस मी चिडून म्हणालो, "सर, हे सगळं वऱ्हाडीत येऊन काय उपयोग? पेपर इंग्रजीत असतो!" सर माझ्यावर खेकसतील असं वाटलं होतं. ते काकूंकडे वळून म्हणाले, "ऐकलं काय वं? पोट्टा भांडून राहिला!" आणि त्यांना इतका आनंद झाला की मला पुढं भांडताच येईना. दिवाळीनंतर त्यांनी टाय न लावता इंग्रजी सुरू केलं. मला जे समजलं होतं त्याला इंग्रजी शब्द कोणता, एवढंच. फार थोडे शब्द लागतात हे पाहून मला नवल वाटलं.

कॉलेजात या सगळ्याची टवाळी होई. सहकारी त्यांना 'नापासांचे प्रोफेसर' म्हणत. प्रिन्सिपॉलसाहेबांनी एकदा त्यांना बोलावून सांगितलं म्हणे, की तुम्ही अपयशाचे लाड करता. सरांनी ते आम्हाला सांगितलं आणि म्हणाले, "म्या म्हटलं, साहेब, लाड कुठं? वांगे कापाले लावतो." बाकी वर्गात त्यांनी कुणाचे लाड केले नाहीत हे खरंच होतं. कॉलेजच्या चाचणी परीक्षेत मला त्यांनी खुशाल नापास केलं आणि संध्याकाळी घरी गेलो तर त्याच हातानं भज्यांची बशी पुढं केली. रागावले की फार वाईट रागावत; खडू फेकत, आठवडाभर बोलत नसत, आणि चूक त्यांची असली तरी मान्य करायला त्यांना काकूंची मध्यस्थी लागे.

परीक्षेचा दिवस उजाडला. फिजिक्सचा पेपर हाती आला, पहिला प्रश्न वाचला, आणि मागच्या वर्षीसारखाच हाताला घाम सुटला. इंग्रजी शब्द एकेक करून पळाले. मी डोळे मिटले. मग काय सुचलं कोण जाणे, उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान उघडलं आणि सरांना सांगतो तसं वऱ्हाडीत लिहायला लागलो. पाणी उकळत असताना विस्तव कितीही लावला तरी त्याची गरमी वाढत काहून नाही, थे गरमी जाते कुठं, वाफेच्या पोटात कशी दडून बसते. पान भरलं तेव्हा हात कोरडा झाला होता. मग सुरुवातीची पानं उघडली आणि तेच इंग्रजीत लिहिलं. साधं, लहान लहान वाक्यांचं इंग्रजी. पुढचे प्रश्न तसेच सोडवीत गेलो. घंटा झाली तेव्हा मी लिहीतच होतो.

बाहेर आलो आणि आठवलं, ते शेवटचं पान मी खोडलंच नाही. उत्तरपत्रिकेत परक्या भाषेतला मजकूर, तोही पानभर! कुणी म्हणालं असतं, परीक्षकाला ओळख पटवण्यासाठी ही खूण केली, आणि सगळा पेपर रद्द झाला असता. तसाच धंतोलीला गेलो आणि सरांना सांगितलं.

सर लालबुंद झाले. "गधा हाय काय गा तू? एक रेघ माराले काय झालं होतं?" ते अंगणात फेऱ्या मारू लागले. काकू मधे पडायला उठल्या तर त्यांनाही हातानं बसवलं. शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय लिहिलं होतं थ्या पानावर? सांग."

मी सांगू लागलो. आधी चाचरत, मग सरळ. सर उभ्या उभ्याच ऐकत होते. या खेपेला त्यांनी डोळे मिटले नाहीत, 'मंग?' म्हणून विचारलं नाही. मी शेवटपर्यंत आलो आणि थांबलो. त्यांचा राग केव्हाच उतरला होता.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "सगळं बरोबर हाय. युनिव्हर्सिटीवाले काय कराचं थे करतीन. म्या तुले पास केलं."

निकाल लागेपर्यंतचा काळ मी त्या वाक्यावर काढला. निकालात माझं नाव होतं, तिसऱ्या वर्गात, पण होतं. तो पेपर कुणी तपासला, त्यानं ते पान पाहिलं की नाही, पाहून हसला की चिडला, हे मला आजवर कळलेलं नाही. मला कुणी कधी विचारलं नाही आणि मीही चौकशीला गेलो नाही.

सर गेले तेव्हा मी जबलपूरच्या शाळेत मास्तर होतो. बातमी कळून नागपूरला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. काकू ओसरीतच बसल्या होत्या. "त्याइले काई तरास नाई झाला," त्या म्हणाल्या. "दुपारी जेवले, मले म्हणे भाजीत मीठ जास्त हाय, अन् आडवे झाले थे झाले. मी म्हटलं, डुलकी लागली." त्यांना वाटत होतं की आपण त्यांना आणखी थोडं जागं ठेवून बोलायला हवं होतं. मी त्यांचा हात धरून बसलो. मला फार पोरकं वाटलं, आणि तसं वाटणारे त्या ओसरीत आम्ही पुष्कळजण होतो.

तरी सरांचा निरोप म्हणून मला आठवतो तो त्या दिवसाचा नाही. तो मी पास झालो त्या वर्षीचा.

निकालाच्या दिवशी मी खोलीवर सरांची वाट पाहत बसलो होतो. मग लक्षात आलं, सर येणार नाहीत. आता माझ्या दारी येण्याचं त्यांना कारण उरलं नव्हतं. रविवारी सकाळी सीताबर्डीहून पेढे घेतले आणि धंतोलीला गेलो. अंगणातून धूर निघत होता. कडुनिंबाखाली नवी मुलं खाली माना घालून बसली होती. सर पिठाच्या हातांनी फाटकाशी आले.

"कायले आला गा?"

"पेढे घेऊन आलो, सर. आणि पंगतीला."

"पेढे दे. पंगत नाई."

मला थट्टा वाटली. मी फाटकाला हात घातला, तर त्यांनी ते आतून धरून ठेवलं.

"थ्या पोट्ट्याइकडं पाह्य," ते हळूच म्हणाले. "आत्ता कुठं वांगे कापाले लागले. पास झालेला माणूस अंदर आला तं त्याइच्या माना अजून खाली जातीन. तुह्या वेळेस म्या कोण्या पास झालेल्याले अंदर येऊ देल्लं होतं काय?"

दिलं नव्हतं. हे माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नव्हतं.

"उद्या ये, परवा ये, कधीबी ये," ते म्हणाले. "पण आजच्या दिवशी तुही जागा अथी नाई. पारशिवनीले जाय. पाटील वाट पाहून राहिला असन. तोंडानं सांग त्याले." मग पिठाचा हात त्यांनी माझ्या गालाला लावला, वळले, आणि विस्तव कुणी विझवला म्हणून मुलांवर ओरडत आत गेले.

मी फाटकाबाहेर थोडा वेळ उभा राहिलो. आतून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. ज्या अंगणात माझी वाचा मला परत मिळाली, तिथं पंगतीच्या दिवशी मला परत कधीही जाता येणार नव्हतं. तीन वर्षं ज्याच्यासाठी मी जीव टाकला होता ते मिळालं होतं, आणि मला रडू आवरत नव्हतं. कोपऱ्यावर टांगा उभा होता, त्यात जाऊन बसलो आणि स्टेशनवर घ्यायला सांगितलं.

टांगेवाल्यानं मागं वळून पाहिलं. गालाला पीठ, डोळ्यांत पाणी. तो खुशीनं हसला.

"पास झाला वाटते, भाऊ?"

मी म्हटलं, "हाव."